सिंगापूरमधला शेवटचा दिवस: पोट आणि मैत्री दोन्ही सांभाळायची तर या चुका टाळा

विमान १५ तारखेचं, म्हणजे १५ तारखेचा दिवस आपल्या हातात आहे, असं धरून चालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातला एक मीच. तिकिटावर ०१:१० असं लिहिलेलं होतं. म्हणजे १४च्या रात्री दहालाच चांगी विमानतळावर हजर व्हायचं. मी मात्र मित्राला "१५ला दुपारी निवांत जेवू" असं सांगून मोकळा झालो होतो. त्याने फोनवर माझ्याकडून तारीख दोनदा वदवून घेतली आणि म्हणाला, "अरे येड्या, त्या दुपारी तू अंधेरीत जेवून लोळत पडलेला असशील."

तेव्हा पहिलं काम हे करा. विमानाची वेळ कागदावर लिहा आणि उलटं मोजत या. विमानतळावर तीन तास आधी, त्याआधी टॅक्सीचा अर्धा तास, त्याआधी हॉटेलातून सामान उचलायला थोडा वेळ. उरला तो तुमचा शेवटचा दिवस. तो बहुतेक वेळा वाटतो त्यापेक्षा लहान निघतो. एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने जाणार असाल तर तानाह मेराह किंवा एक्स्पोला गाडी बदलावी लागते आणि रेल्वे रात्रभर चालत नाही, हेही लक्षात ठेवा. मीटरच्या टॅक्सीला मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत निम्मं भाडं जास्त पडतं.

प्रत्येक मित्राला वेगळं भेटणं

ही चूक प्रेमापोटी होते, म्हणून ती टाळणं सगळ्यात अवघड. एक जण पुंगोलला राहतो, तो म्हणतो घरी जेवायला ये. दुसरी जुराँगला, ती म्हणते निदान चहाला तरी. नकाशावर हा देश मुठीएवढा दिसतो, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीत तास-सव्वा तास सहज जातो. दोन घरं केली की दिवस संपला, आणि दोन्हीकडे आपण घड्याळाकडे बघतच बसलेलो असतो.

घरची आमंत्रणं आदल्या दिवसापर्यंत उरकून टाका. शेवटच्या दिवशी एक जागा, एक वेळ ठरवा, ज्याला जमेल तो येईल. त्यासाठी हॉकर सेंटरसारखी दुसरी सोय नाही. एका छपराखाली पन्नास-शंभर गाळे, मधे टेबलं. एकाला बिर्याणी हवी, एकाला नूडल्स, एकाला हलाल, एकाला शुद्ध शाकाहारी, तरी सगळे एकाच टेबलावर. ज्याने त्याने आपापल्या गाळ्यावर पैसे दिलेले असतात, त्यामुळे शेवटी बिलावरून ओढाताण नाही आणि कोणी उशिरा आलं तरी खोळंबा नाही. सिंगापूरच्या या हॉकर संस्कृतीला युनेस्कोने २०२०मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते उगाच नाही.

रात्री उशिराचं विमान असेल तर मी 'लाउ पा सात' या हॉकर सेंटरला जाईन. १८९४चा ओतीव लोखंडाचा अष्टकोनी बाजार, भोवती बँकांचे मनोरे. संध्याकाळी सातनंतर शेजारचा बून तात रस्ता गाड्यांना बंद होतो, डांबरावर टेबलं लागतात आणि साते, म्हणजे काडीला लावलेलं मांस, भाजल्याचा धूर सुटतो. दर थोडे चढे आहेत, पर्यटकांची गर्दीही असते. पण मित्र ऑफिसातून चालत येऊ शकतात, आणि कामाच्या दिवशी हे महत्त्वाचं. दुपारचं ठरवत असाल तर बारा ते दोन सोडा. त्या वेळी ऑफिसवाल्यांची झुंबड उडते, आणि कोणी ताट घेऊन डोक्यावर उभं असताना गप्पा होत नाहीत.

टेबलावरचं टिशूचं पाकीट कचरा समजणं

रिकामं टेबल, वर टिशूचं एक पाकीट. मी ते बाजूला सरकवून ऐसपैस बसलो. दोन मिनिटांत एक आजी ट्रे घेऊन आल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त पाकिटाकडे पाहिलं. मी उठलो. याला तिथे 'चोप' म्हणतात. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, तोच हा प्रकार. तुम्हीही करा.

जेवून झाल्यावर ट्रे तिथेच सोडून निघू नका. सप्टेंबर २०२१पासून हॉकर सेंटरमध्ये ट्रे परत ठेवणं सक्तीचं आहे. आधी ताकीद, मग दंड. हलाल ट्रेची जागा वेगळी असते, पाटी वाचून ठेवा.

ज्या गाळ्यासाठी आलो तो बंद

गाळेवाले आठवड्याची सुट्टी आपल्या मनाने घेतात, लोकप्रिय गाळ्यांवरचा माल दुपारीच संपतो आणि अख्खं सेंटरही ठरावीक काळाने सफाईसाठी बंद राहतं. हे आदल्या रात्री बघून ठेवा. तरीही फसलात तर दुसऱ्या सेंटरकडे धावत सुटू नका. जिथे स्थानिक लोकांची रांग आहे तिथे उभे राहा. उरलेला वेळ टॅक्सीत घालवण्यापेक्षा अनोळखी गाळ्यावरचं जेवण कधीही परवडलं.

रोख पैसे मात्र शिल्लक ठेवा. शेवटचा दिवस म्हणून सकाळीच सगळे डॉलर मोडून बसलात तर पंचाईत होईल. बऱ्याच गाळ्यांवर तिथल्या बँक खात्याचा क्यूआर नाहीतर रोख, एवढंच चालतं. नाणी तशीही परत बदलून मिळत नाहीत, ती कॉफीत संपवा.

शाकाहाऱ्यांचे समज

'चिकन बाजूला काढून नुसता भात द्या' हे चिकन राइसच्या गाळ्यावर सांगून उपयोग नाही. तो भात कोंबडीच्या चरबीत परतून तिच्याच रश्शात शिजवलेला असतो. लाक्सा म्हणजे नारळाच्या तिखट रश्शातल्या नूडल्स, तिच्या वाटणात सुकट असते. 'कॅरट केक' नावाच्या पदार्थात गाजर नाही आणि तो केकही नाही. तो मुळा आणि तांदळाच्या पिठाच्या वड्यांचा अंडं घालून परतलेला चिवडा आहे. चिनी शाकाहारी गाळे जवळपास प्रत्येक सेंटरमध्ये एखादा तरी सापडतो, तोच शोधा. भारतीय शाकाहारीच हवं असेल तर लिटल इंडियातलं कोमला विलास गाठा. १९४७पासून सुरू आहे.

'वन कॉफी' मागणं

मिळेल, पण कंडेन्स्ड मिल्क घातलेली आणि दात दुखतील इतकी गोड. कोपी म्हणजे ती. कोपी-ओ म्हणजे साखर घातलेली काळी. कोपी-सी म्हणजे इव्हॅपोरेटेड दूध आणि साखर. गोड कमी हवं तर शेवटी 'सिऊ दाई' जोडा, साखर नकोच तर 'कोसोंग'. चहासाठी कोपीच्या जागी 'तेह' म्हणायचं. आणि आठ दिवस घरच्या चहासाठी जीव कासावीस झाला असेल तर 'तेह हालिया' मागा. आल्याचा चहा. मला हा शब्द शेवटच्या दिवशी कळला, याचं दुःख अजून आहे.

ड्युरियन उद्यासाठी ठेवणं

नाही. हे काटेरी फळ एमआरटीत चालत नाही, हॉटेलात चालत नाही. फणसाच्या वासावर प्रेम करणाऱ्या कोकणी माणसालाही एक मिनिट विचार करायला लावेल असा वास आहे. गाळ्यावर बसून खा, हात धुवा, निघा.

जीएसटीच्या परताव्याआधी बॅग देऊन टाकणं

कर ९ टक्के आहे. दुकानात किमान १०० डॉलरची खरेदी असेल तर पर्यटकाला परतावा मागता येतो. खाल्ल्याप्यायल्याचा आणि हॉटेलचा मिळत नाही. खरेदी मोठ्या बॅगेत असेल तर यंत्रावरची नोंद आधी करा, बॅग नंतर द्या. वस्तू तपासायला मागू शकतात.

भेट मिळालेली बाटली हातातल्या पिशवीत ठेवणं

निघताना वहिनींनी घरी केलेल्या कायाची बाटली हातात दिली. नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदानची पानं आटवून केलेला हा मुरंबा, आपल्या नारळीपाकाची चुलत बहीण शोभेल असा. टोस्टला लावतात. मोठी बॅग तोवर देऊन झाली होती, म्हणून बाटली मी पाठपिशवीत टाकली. मुरंबे, चटण्या, सांबल हे सगळं विमानाच्या हिशेबात द्रव पदार्थांत येतं. १०० मिलिलिटरच्या वरचं केबिनमध्ये जात नाही. आणि माझ्या टर्मिनलवर सुरक्षा तपासणी थेट गेटवर होती. बाटली अडेल हे मला तिथे पोचल्यावर उमगलं, तेव्हा मित्र पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे राहून केव्हाच घरच्या वाटेला लागला होता. शक्य असेल तर बॅग देण्याआधीच सगळ्यांचा निरोप घ्या, म्हणजे मिळालेलं आत भरता येतं.

तपासणीला अजून वीस मिनिटं होती. वहिनींनी प्रवासासाठी दिलेल्या पोळ्या पिशवीत होत्याच. गेटबाहेरच्या खुर्चीत बसलो, पोळीवर जाड थर दिला, गुंडाळी केली. चौथ्या पोळीला बाटलीचा तळ दिसला.