उन्हाळ्यात मैदानावर शेकडो पोरं जमवताय? मग आधी हे ठरवा

एप्रिल-मेमध्ये पुण्यात शिबिर, रॅली, क्रीडा महोत्सव असं काहीही ठेवत असाल तर मांडववाल्याला फोन करायच्या आधी एक माणूस ठरवा, जो कार्यक्रम थांबवू शकेल. संयोजक नको, त्याचा सगळा जीव कार्यक्रम पार पडण्यात अडकलेला असतो. एखाद्या खमक्या बाई, डॉक्टर असलेले पालक, कोणीही चालेल, पण त्यांनी "बास, सगळे सावलीत" म्हटलं की माइक बंद, मग अध्यक्षांचं भाषण चालू असलं तरी. हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, कारण ऐनवेळी समोर पाहुणे बसलेले असताना तोंड उघडायची हिंमत कोणाची होत नाही.

आणि पाहुण्यांचंच आधी बोलू. कार्यक्रम 9 चा, पाहुणे येणार साडेदहाला, पोरं मात्र साडेआठपासून रांगेत, आणि सावली कुठे तर स्टेजवर! हे चालू देऊ नका. पोरांच्या डोक्यावर कापडी मांडव किंवा हिरवी नेट नसेल तर त्यांना तिथे बसवायचंच नाही, आणि पाहुणे पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लेट झाले तर सुरू करून टाका. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उघड्यावर बसलेल्या 14 जणांचा उन्हाने जीव गेला, तेव्हा पारा चाळीसच्या आतच होता, त्यामुळे "अजून कुठे चाळीस झालंय" हे कारण देऊ नका.

वेळ सकाळी 7 ते 10, नाहीतर सरळ संध्याकाळी 5 नंतर. तापमानाचा अंदाज बघताना फक्त शिवाजीनगरचा आकडा बघू नका, लोहगाव, मगरपट्ट्याकडे बऱ्याचदा त्याहून जास्त असतं.

पाण्याचा हिशोब सोपाय. तासाला माणशी किमान अर्धा लिटर धरा, म्हणजे 500 पोरं आणि 4 तास म्हटलं तर 1000 लिटर, वीस लिटरचे 50 जार, आणि हे फक्त प्यायचं, अंगावर ओतायला टँकर वेगळा. पण जार आणून ठेवले म्हणजे पोरं पितात असं नाही हो, मुली तर मुद्दाम पीत नाहीत कारण टॉयलेट घाण असतं किंवा लांब असतं किंवा तिथे जायला विचारायची लाज वाटते. म्हणून टॉयलेट स्वच्छ ठेवणं हे उन्हापासून वाचवण्याचंच काम आहे, तिथे एक ताई उभ्या करा आणि "परवानगी घेऊन जा" हा नियम काढून टाका. ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अंदाजे नाही.

पोरांच्या जोड्या लावा, एकमेकांवर लक्ष ठेवायला. डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात गोळे येतायत असं कोणी म्हटलं की लगेच सावलीत, कपडे सैल, पाणी. पण खरी भीती वेगळीच, एखादं बडबडं पोर अचानक गप्प होतं, चालताना झोकांड्या देतं, वार विचारला तर भलतंच सांगतं, विनाकारण चिडतं. हा उष्माघात धरून चाला. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, पळापळ केलेल्या पोराला उष्माघातातही घाम असू शकतो.

अशावेळी एकाने 108 लावायचा आणि बाकीच्यांनी अँब्युलन्सची वाट न बघता तिथेच गार करायला घ्यायचं. ताडपत्रीवर झोपवा, चार जणांनी कडा उचलून धरा म्हणजे टबसारखा खोलगा होतो, त्यात पाणी आणि बर्फ ओता, ढवळत राहा, डोकं वर धरा. ताडपत्री नसेल तर अंगभर पाणी मारून जोरात वारा घाला. पोर शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंब घालू नका, आणि तापाची गोळी इथे कामाची नाही. ही ताडपत्री आणि बर्फाचा खोका फर्स्ट एडच्या टेबलाशेजारीच पाहिजे, गोडाऊनला नाही. स्वयंसेवकांकडून एकदा आदल्या दिवशी करून घ्या.

ऑगस्ट 2023 ला दक्षिण कोरियातल्या जागतिक स्काउट मेळाव्यात सुमारे 43,000 जण होते, उन्हाने शेकडो जण आजारी पडले, तेव्हा ब्रिटन आणि अमेरिकेच्या तुकड्या अर्ध्यातून निघाल्या. एवढा खर्च करून गेलेले लोक निघू शकतात तर आपण दोन तासांचा कार्यक्रम नक्कीच आवरू शकतो.

ज्याला त्रास झाला त्याला त्या दिवशी परत मैदानात सोडू नका, "मी बराय सर" म्हणाला तरी, आणि घरच्यांना फोन तेव्हाच करा, संध्याकाळी बसमधून उतरताना सांगू नका.