चौकटीच्या वहीत फ्रॅक्टल

गणित म्हटलं की तोंड वाकडं करणाऱ्या मुलाला उदाहरणं देऊ नका, रंगवायला बसवा. चौकटीच्या वहीचं एक पान आणि एक स्केचपेन पुरे. त्यातून फ्रॅक्टल उमटतं, म्हणजे जिच्या पोटात तिच्याच छोट्या नकला दिसतात अशी आकृती.

१. वर डावीकडची एक चौकट रंगवा. ही पहिली ओळ.
२. पुढच्या प्रत्येक ओळीत तपासायची एक चौकट वाढवत जा (रंगवायची की नाही ते पुढच्या नियमाने): दुसरीत २, तिसरीत ३, अशा १६ ओळी.
३. नियम एकच. चौकटीच्या थेट वरची आणि वरच्या डावीकडची अशा दोन चौकटी बघायच्या. त्यांतली नेमकी एक रंगलेली असेल तर रंगवा. दोन्ही रंगलेल्या किंवा दोन्ही कोऱ्या असतील तर सोडा. पानाबाहेरची चौकट कोरीच धरायची.

आठव्या ओळीच्या आसपास त्रिकोणात त्रिकोण दिसू लागतात. हाच सिएरपिन्स्की या पोलिश गणितज्ञाच्या नावाचा फ्रॅक्टल, सिएरपिन्स्कीचा त्रिकोण. मग रंगलेल्या चौकटी मोजायला सांगा: १, २, ४, ८ आणि १६ ओळींपर्यंत अनुक्रमे १, ३, ९, २७, ८१. पुढचा आकडा मूल स्वतःच सांगतं. आपण मात्र गप्प बसायचं, हे जरा अवघड जातं!

एक जपा: एक चौकट चुकली की खालची नक्षी बिघडते. आधी पेन्सिलने टिंबं द्या. २, ४, ८, १६ या ओळी पूर्ण भरलेल्या आल्या तरच रंग भरा.