जुना राऊटर, नवं घर: परदेशात नव्याने आलेल्यांसाठी

घर, बँक, सिमकार्ड या धावपळीत इंटरनेट मागे पडतं आणि मग कुणीतरी म्हणतं, "आमच्याकडे जुना राऊटर पडलाय, घेऊन जा." खुशाल घ्या. पहिल्या वर्षी नव्या राऊटरवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं घर सहसा टिकत नाही. घर बदललं की लाइन बदलते, लाइन बदलली की तिला लागणारं यंत्रही बदलू शकतं. फक्त घेण्याआधी थोडी चौकशी करा, फुकट मिळत असलं तरीही.

सगळ्यात आधी विचारा, हा राऊटर देणाऱ्याचा स्वतःचा आहे की इंटरनेट कंपनीचा? पुष्कळ कंपन्या राऊटर वापरायला किंवा भाड्याने देतात आणि जोडणी बंद केली की तो परत मागतात. घाईघाईत देश सोडणारा माणूस हे विसरतो, यंत्र तुम्हाला देऊन जातो आणि बिल त्याच्या नावावर येतं. कंपनीचं यंत्र तुमच्या कामाचंही नसतं. त्यातलं सॉफ्टवेअर बहुधा त्या एका कंपनीपुरतं बांधलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या कंपनीची लाइन जोडायला गेलात तर हव्या त्या सेटिंगला हातच लावता येत नाही. वर कंपनीचा ठसा दिसला तर गोड शब्दांत नकार द्या.

मग बघा, तुमच्या भिंतीतून काय येतं. टेलिफोनची बारीक वायर, टीव्हीला असते तशी जाड गोल केबल, की फायबर? नुसत्या राऊटरला यातलं काहीच थेट कळत नाही. मध्ये मोडेम लागतो, फायबर असेल तर ओएनटी नावाची छोटी पेटी लागते. ती बहुतेक वेळा कंपनीच लावून देते, आणि तिच्यातून निघणारी साधी नेटवर्क केबल तुमच्या राऊटरला जाते. टेलिफोन लाइनवाल्या काही राऊटरमध्ये मोडेम आतच असतो. मागे नेहमीपेक्षा अरुंद छिद्र दिसलं तर तो त्यातला समजा. जाड केबलवाल्या घरात मात्र सेकंडहँड मोडेम घेण्याच्या फंदात पडू नका. कंपनीच्या मान्य यादीत ते मॉडेल आहे आणि जुन्या मालकाच्या खात्यातून ते सुटलेलं आहे, हे दोन्ही कळल्याशिवाय तर नाहीच. राऊटर जुना चालतो, मोडेमची गोष्ट वेगळी.

आता अ‍ॅडॉप्टर. अशा राऊटरबरोबर मिळणारा अ‍ॅडॉप्टर कित्येकदा भलत्याच यंत्राचा असतो, कारण खणातल्या सगळ्या काळ्या वायरी सारख्याच दिसतात. राऊटरच्या पाठीवरचं लेबल वाचा, अ‍ॅडॉप्टरवर आउटपुटपुढे काय लिहिलंय ते वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत: राऊटर १२ मागत असेल तर १२च, ९ नाही. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिनच्या चित्रातलं अधिक-उणे चिन्हही तेच हवं. कमी ताकदीच्या अ‍ॅडॉप्टरवर दिवे लागतात, सगळं ठीक वाटतं, आणि घरातले सगळे एकदम व्हिडिओ बघायला लागले की राऊटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मग माणूस इंटरनेट कंपनीला शिव्या घालत बसतो. इनपुटपुढे १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर अ‍ॅडॉप्टर कुठल्याही देशात चालतो, फक्त प्लगचा आकार बदलावा लागतो.

हाच नियम लावून काही जण मायदेशातला राऊटर बॅगेत घालून आणतात. वीज चालेल, पण वायरलेसचे नियम देशागणिक वेगळे आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेत साधारण ११ चॅनल वापरतात, इतर बऱ्याच देशांत १३. तुमचा राऊटर १३व्या चॅनलवर बसला आणि फोन अमेरिकन बाजारातला असला, तर त्या फोनला तुमचं वायफाय दिसणारच नाही. ५ गिगाहर्ट्झमध्ये तर कुठलं चॅनल किती ताकदीने वापरायचं, हेही देशावर ठरतं. सेटिंगमध्ये देश निवडता येत असेल तर जिथे राहता तोच निवडा.

पाठीवरच्या त्याच लेबलवर मॉडेलचं नाव असतं आणि बाजूला बारीक अक्षरांत व्ही१, व्ही२ असा हार्डवेअरचा आवृत्ती क्रमांक. तो फोनवर फोटो काढून ठेवा. एकाच नावाच्या राऊटरच्या दोन आवृत्त्यांत आतला सांगाडा वेगळा असू शकतो आणि चुकीच्या आवृत्तीचं फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) भरलं तर राऊटर कायमचा मुका होतो. मॉडेल मिळालं की बनवणाऱ्याच्या वेबसाइटवर बघा, त्याला अजून सुरक्षेचे अपडेट येतात का. येत नसतील तर घेऊ नका. कुणी म्हणेल, चालतोय ना, मग काय झालं? २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्राम ५० हून अधिक देशांतल्या किमान पाच लाख राऊटर आणि तत्सम यंत्रांत घुसल्याचं उघड झालं. तीही सगळी चालतच होती.

वेगाचंही बघून घ्या. ८०२.११एन हे वायफायचं २००९ चं मानक, आता वायफाय ४ म्हणतात; ८०२.११एसी म्हणजे वायफाय ५, एएक्स म्हणजे वायफाय ६. माझ्या मते आज ५ च्या खाली जाऊ नये. पण लोक हमखास विसरतात ते मागच्या पोर्टचा, म्हणजे केबल लावायच्या छिद्राचा, वेग. स्वस्त जुन्या राऊटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. लाइन ३०० ची घेतलीत तरी अशा पोर्टातून ९५ च्या आसपासच मिळणार. गिगाबिट पोर्ट असल्याची खात्री करा, नाहीतर लाइनच कमी वेगाची घ्या.

राऊटर घरी आला की पहिलं काम रिसेट. भाड्याच्या घरात आल्यावर कुलूप बदलतो तसंच हे. आधीच्या माणसाचा पासवर्ड, त्याने सेटिंगमध्ये बाहेरच्यांसाठी उघडून ठेवलेल्या वाटा (यांनाही पोर्टच म्हणतात), कधी कधी कुणी गुपचूप बदललेला डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा), सगळं आत तसंच असतं. मागे टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. राऊटर चालू ठेवा, पेपरक्लिप सरळ करून आत घाला, बटण दबल्याची टिचकी जाणवेल. तसंच १०-१५ सेकंद, काही मॉडेलना ३० सेकंद, धरून ठेवा. सगळे दिवे एकदम लुकलुकले किंवा विझून पुन्हा लागले की सोडा. दोन सेकंदांत सोडलंत तर नुसता रिस्टार्ट होतो आणि जुना पासवर्ड तसाच राहतो. भोकाऐवजी उघडं बटण असेल तर त्यावरचं नाव वाचा, कारण कित्येक राऊटरांवर रिसेट आणि डब्ल्यूपीएस (वायफायचा पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडण्याची सोय) ही दोन्ही कामं एकाच बटणाला दिलेली असतात.

इंटरनेटची केबल अजून लावायची नाही. आधी फोनच्या हॉटस्पॉटवरून नवं फर्मवेअर लॅपटॉपवर उतरवून घ्या, मग हॉटस्पॉट तोडा आणि लॅपटॉप केबलने राऊटरच्या लॅन पोर्टला (घरातली यंत्रं जोडायच्या छिद्रांपैकी एकाला) जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाका. दोन्ही नाही उघडले तर लॅपटॉपच्या नेटवर्क माहितीत डिफॉल्ट गेटवेपुढे दिसणारा आकडा टाका. लॉगिन लेबलवर छापलेलं असतं. जुन्या मॉडेलना युजरनेम, पासवर्ड दोन्हीकडे अ‍ॅडमिन असतं, नव्या मॉडेलना स्वतःच ठरवायला सांगतात. फर्मवेअर भरताना वायफायवरून भरू नका आणि मधेच वीज काढू नका.

त्यानंतर पासवर्ड दोन, आणि दोन्ही वेगळे: एक राऊटरच्या आत शिरण्याचा, दुसरा वायफायचा. वायफायच्या नावात घरनंबर किंवा आडनाव घालू नका. सुरक्षेत, म्हणजे वायफाय कुलूपबंद करण्याच्या पद्धतींत, डब्ल्यूपीए३ असेल तर तो, जुनी यंत्रं अडली तर डब्ल्यूपीए२ आणि एईएस. डब्ल्यूईपी दिसलं तरी निवडू नका, ते केव्हाच मोडीत निघालंय. डब्ल्यूपीएस बंद करा. त्याचा पिन आठ आकड्यांचा असतो, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो. ही त्रुटी २०११ पासून जगजाहीर आहे. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे घराबाहेरून राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याची सोय, तीही बंद. सोबत राहणारे लोक सारखे बदलत असतील तर त्यांना गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) द्या, म्हणजे कुणी गेलं की तेवढाच पासवर्ड बदलायचा.

आता मोडेम किंवा ओएनटीची केबल वॅन पोर्टला लावा. वॅन म्हणजे बाकीच्यांपासून जरा वेगळं बसवलेलं, बहुधा वेगळ्या रंगाचं छिद्र. दिवा लागला तरी इंटरनेट येईलच असं नाही. इथे कंपनीला फोन करावा लागतो आणि समोरचा माणूस "आम्ही आमच्याच राऊटरला मदत करतो" म्हणेल. वाद घालू नका. एवढंच विचारा: जोडणी डीएचसीपीची (पत्ता आपोआप मिळतो) की पीपीपीओईची (लॉगिन करावं लागतं)? पीपीपीओई असेल तर युजरनेम-पासवर्ड काय? आणि व्हीलॅन क्रमांक (काही लाइनींवर सेटिंगमध्ये भरावा लागणारा आकडा) लागतो का? या तीन उत्तरांत काम होतं, आणि भाषा अजून अडखळत असेल तरी हे शब्द सगळीकडे असेच आहेत.

सगळं बरोबर भरूनही इंटरनेट येत नसेल तर मोडेम विजेपासून काढून काही मिनिटं तसाच ठेवा, मग आधी मोडेम आणि नंतर राऊटर लावा. काही मोडेम आधी जोडलेल्या यंत्राचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस धरून बसतात आणि नव्याला ओळख देत नाहीत.

जागा निवडताना फार डोकं चालवू नका: घराच्या मध्याजवळ, उंचावर, उघड्यावर. लोखंडी कपाटाच्या आत किंवा मायक्रोवेव्हच्या शेजारी नको, कारण मायक्रोवेव्हही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतो. दाट वस्तीच्या इमारतीत हा पट्टा नेहमीच गजबजलेला असतो. तिथे १, ६ किंवा ११ यांपैकी जे कमी गर्दीचं तेच चॅनल घ्या, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. लॅपटॉप-फोन ५ गिगाहर्ट्झवर टाका. प्रिंटर आणि स्वस्तातली स्मार्ट यंत्रं बऱ्याचदा फक्त २.४ ओळखतात, म्हणून तो पट्टा बंद करू नका.

उरला एक प्रसंग, जो नव्या लोकांच्या घरी सर्रास येतो. कंपनीने दिलेल्या पेटीतच वायफाय असतं, पण ते मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही, म्हणून जुना राऊटर तिकडे लावायचा असतो. तो नेहमीसारखा वॅनमधून जोडलात तर एका राऊटरच्या मागे दुसरा राऊटर होतो आणि गेम, व्हिडिओ कॉल, ऑफिसचं व्हीपीएन यांपैकी काहीतरी अडू शकतं. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, म्हणजे जुना राऊटर फक्त वायफाय पसरवतो. नसेल तर जुन्या राऊटरचा पत्ता बदलून मोकळा असलेला एखादा द्या, उदाहरणार्थ मुख्य पेटी १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. मग याचा डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि केबल लॅनमधून लॅनमध्ये लावा. या जोडणीत वॅनचं छिद्र रिकामंच राहतं. घरातलं कुणी मदत म्हणून केबल तिथे हलवायला गेलं तर वेळीच थांबवा.