परदेशात स्वस्तात बोलायला कुठलं प्रीपेड सिम घ्यायचं? आधी वही काढा

आई ठाण्यात नौपाड्याला राहते, मी नवी मुंबईत नेरूळला, ताई शारजाला आणि मावशी न्यू जर्सीत. त्यामुळे आमच्या घरात आयएसडी, म्हणजे इथून परदेशात लावायचा फोन, हा रोजचा विषय आहे. आईचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "अगं, परत बॅलन्स संपला, ताईशी धड दोन शब्द पण झाले नाहीत." दरवेळी कोणीतरी सांगायचं की अमुक कंपनीचं सिम घ्या, एकदम स्वस्त आहे, आणि आम्ही घ्यायचो. आईच्या ड्रॉवरमध्ये आज तीन बंद पडलेली सिमं आहेत. म्हणून म्हटलं जे कळलंय ते एकदा नीट लिहून टाकावं.

आता लगेच कोणीतरी विचारणार की व्हॉट्सअॅप असताना सिमचं काय घेऊन बसलीस. बरोबर आहे, अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलियात कोणाकडे स्मार्टफोन असेल तर व्हॉट्सअॅपवर बोला, पुढचं वाचायची गरजच नाही. पण दुबई, शारजा म्हणजे युएईत व्हॉट्सअॅपचा मेसेज जातो आणि कॉल लागत नाही, तिकडे इंटरनेट कॉलला परवानगी असलेलीच अॅप चालतात, बोटिम वगैरे. आणि मावशीकडे लँडलाइन आहे, तिला त्या काचेच्या फोनचा राग येतो. लँडलाइनला लावायला आम्ही आधी स्काइप वापरायचो, ते ५ मे २०२५ ला बंदच झालं. शिवाय तिकडच्या बँकेत, हॉस्पिटलात, युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात फोन करायचा असेल तर साधा कॉलच लागतो. तर सिम लागतंच.

सगळ्यात पहिलं काम, कंपनीचं नाव विसरा आणि वहीत चार रकाने करा. कोणाला फोन करायचा, कुठल्या देशात, मोबाइल की लँडलाइन, आणि आठवड्याला साधारण किती मिनिटं. हे चौथं लोक कधीच लिहीत नाहीत आणि तिथेच फसतात. आई म्हणायची "अगं पाच मिनिटं बोलते फक्त", कॉल लॉग उघडून बघितला तर अठरा, बावीस, एकदा तर एकेचाळीस मिनिटं (तेव्हा ताईकडे बारसं होतं, सोडा).

मोबाइल की लँडलाइन ते का बघायचं? आपण फोन लावला की तो तिकडच्या ज्या कंपनीच्या नेटवर्कवर जाऊन पडतो तिला आपल्या कंपनीने मिनिटामागे पैसे द्यायचे असतात, तो खर्च आपल्या दरात येतो. इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलियात मोबाइलला लावणं आणि लँडलाइनला लावणं याचे दर वेगळे असू शकतात. अमेरिका आणि कॅनडात मोबाइल आणि लँडलाइनचे नंबर दिसायला सारखेच, तिथे दरही साधारण एकच असतो. इंग्लंडचा नंबर +४४ नंतर ७ ने सुरू होत असेल तर बहुतेक मोबाइल, १ किंवा २ ने असेल तर लँडलाइन. ऑस्ट्रेलियात +६१ नंतर ४ म्हणजे मोबाइल. युएईत +९७१ नंतर ५० किंवा ५५ वगैरे आलं की मोबाइल. आणि तिकडच्या माणसाने नंबर ०५० असा सांगितला असेल तर पुढचं शून्य काढून टाकायचं, +९७१ ५० असंच लावायचं. आई ते शून्य ठेवून लावायची आणि म्हणायची ताईचा फोन बंद आहे.

एक महत्त्वाचं, "अनलिमिटेड कॉल" हे शब्द बघून खूश होऊ नका. प्रीपेडच्या नेहमीच्या पॅकमधलं अनलिमिटेड म्हणजे भारतातले लोकल आणि एसटीडी कॉल. परदेशी कॉलचे पैसे मेन बॅलन्समधून कापले जातात, म्हणजे टॉपअप वेगळा मारावा लागतो नाहीतर आयएसडीचा वेगळा पॅक घ्यावा लागतो. आणि उलटही खरं आहे, मेन बॅलन्समध्ये दोनशे रुपये पडलेत पण रोजच्या पॅकची व्हॅलिडिटी संपली तर आउटगोइंग बंद. म्हणजे फक्त परदेशी फोनसाठी दुसरं सिम घेतलंत तर त्याला जिवंत ठेवायचा खर्चही दर महिन्याला हिशोबात धरायचा. आमची ती तीन सिमं अशीच गेली, दर स्वस्त होता पण सिम चालू ठेवण्यातच जास्त गेले. माझं स्पष्ट मत, महिन्याला तासभरापेक्षा कमी बोलणं असेल तर नवीन सिमच्या नादाला लागू नका, जे आहे त्यावरच आयएसडी चालू करून घ्या.

आता टॉपअपचं गणित, इथे जरा थांबा. १०० चा टॉपअप मारला की टॉकटाइम मिळतो ८१.७५. १८ टक्के जीएसटी आत असतो, तो काढला की ८४.७५ उरतात, त्यातून ३ रुपये प्रोसेसिंग फी. १० चा मारला तर ७.४७, म्हणजे छोट्या टॉपअपमध्ये टक्केवारीने जास्त जातं. म्हणून कंपनीच्या यादीत एखाद्या देशाला १० रुपये मिनिट लिहिलं असेल तर ते तुम्हाला १० ला पडत नाही, १०० च्या टॉपअपने हिशोब केला तर १२ रुपयांच्या वर जातं. पॅकची किंमत मात्र टॅक्स धरून असते, ९९ चा पॅक म्हणजे ९९ च. दोन्हींची तुलना करताना लोक ८१ आणि १०० मधला फरक विसरतात आणि पॅक महाग वाटतो.

पॅकचं उदाहरण म्हणून जिओने ऑक्टोबर २०२४ मध्ये जे छोटे आयएसडी मिनिट पॅक काढले ते घेऊया, कारण त्यात देशादेशातला फरक एकदम डोळ्यात भरतो. अमेरिका-कॅनडा ३९ रुपयांत ३० मिनिटं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड ६९ ला १५ मिनिटं. इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स ७९ ला १० मिनिटं. युएई, सौदी, कुवेत, बहरीन ९९ ला १० मिनिटं. सगळे ७ दिवसांचे. भागाकार करा, मावशीशी बोलणं मिनिटाला १ रुपया ३० पैसे आणि ताईशी ९ रुपये ९० पैसे! शारजा आपल्याकडून तीन तासांवर आणि न्यू जर्सी पृथ्वीच्या पलीकडे, पण फोनच्या बिलाला अंतर कळत नाही. आकडे बदलत असतात म्हणून रिचार्जच्या दिवशी अॅपमध्ये परत बघाच, पण आखातात महाग आणि अमेरिकेत स्वस्त हे चित्र इतर कंपन्यांच्या यादीतही साधारण असंच दिसेल.

आणि ७ दिवस हा शब्द विसरू नका. ताईशी आठवड्याला चारच मिनिटं बोललात तर ९९ चा पॅक मिनिटाला जवळजवळ २५ रुपयांना पडला, उरलेली सहा मिनिटं आठव्या दिवशी गेली. त्यापेक्षा टॉपअप बरा. उलट मावशीशी अर्धा तास गप्पा ठरलेल्याच असतील तर पॅकसारखं दुसरं काही नाही. म्हणजे एकाच सिमवर एकीला टॉपअप आणि दुसरीला पॅक असंही असू शकतं, दुकानदार हे सांगत नाही कारण त्याला एकच काहीतरी मारून गिऱ्हाईक मोकळं करायचं असतं. परदेशी कॉल बहुतेक ठिकाणी मिनिटावर मोजतात, म्हणजे १ मिनिट ५ सेकंद बोललात की २ मिनिटं धरली. आईला मी सांगितलंय की "बरं ठेवते हं" हे पंचावन्नाव्या सेकंदाला म्हणायचं. ती म्हणते तूच ये घड्याळ लावून.

माझी स्वतःची फजिती पण सांगते. वाशी स्टेशनबाहेर घाईत एका दुकानात गेले, लोकल पकडायची होती, म्हटलं "परदेशाचा पॅक मारा", त्याने मारला. घरी येऊन ताईला लावला तर "अपुरा बॅलन्स". पॅक होता इंटरनॅशनल रोमिंगचा, म्हणजे मी शारजाला गेले असते तर कामाचा. पैसे परत मिळाले नाहीत, दुकानदार म्हणाला तुम्हीच परदेश म्हणालात, आणि खरं म्हणजे मी तेच म्हणाले होते. तर रोमिंग म्हणजे तुम्ही तिकडे, आयएसडी म्हणजे तुम्ही इकडे. दुकानात "आयएसडी, इथून फोन करायला" असं पूर्ण वाक्य बोला. पूर्वी कागदी व्हाउचर होती तेव्हा निदान रंग तरी होते, हिरवा टॉपअपचा आणि पिवळा स्पेशल पॅकचा.

आपल्या भागातल्या लोकांसाठी अजून एक गोष्ट. कंपनीच्या साइटवर दर बघताना सर्कल, म्हणजे टेलिकॉमचा विभाग, विचारतात, तिथे ठाणेकर आणि नवी मुंबईकर "महाराष्ट्र व गोवा" निवडतात कारण वाटतं आपण काय मुंबईत नाही. टेलिकॉमच्या हिशोबात ठाणे, नवी मुंबई ही मुंबई सर्कलमध्येच येतात, लँडलाइनचा कोड पण ०२२ च आहे ना. बऱ्याच पॅकला फरक पडत नाही पण पडला तर उगाच डोक्याला ताप. आणि गावाहून, रत्नागिरी-चिपळूणहून आणलेलं सिम असेल तर ते महाराष्ट्र सर्कलचं, त्याच्यासाठी महाराष्ट्रच निवडा.

कंपनी निवडताना रेंज घरात बघा, दुकानात नाही. नौपाड्यातल्या जुन्या जाड भिंतींच्या बिल्डिंगमध्ये आईला फक्त गॅलरीत रेंज येते, आणि आयएसडी कॉल मध्येच तुटला की परत लावल्यावर नव्याने पहिलं मिनिट सुरू, म्हणजे खराब रेंजला पैसे लागतात. घरात वायफाय असेल तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, आवाज स्वच्छ येतो. पण वायफाय आहे म्हणून आयएसडी फुकट होत नाही हं, दर तोच लागतो. आमच्या शेजारच्या काकांनी या समजुतीवर एक अख्खा टॉपअप उडवला.

कंपनी बदलायचीच ठरली तर नंबर तोच ठेवून पोर्ट करा, PORT ऐवजी काही वेगळं टाइप करू नका म्हणून सांगते, इंग्रजी कॅपिटलमध्ये पोर्ट, मग स्पेस, मग आपला नंबर, आणि मेसेज १९०० ला. कोड येतो तो नव्या कंपनीला द्यायचा, आपल्या भागात तो ४ दिवस चालतो. आत्ताच्या कंपनीत ९० दिवस झालेले असायला हवेत, आणि सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने ७ दिवस थांबावं लागतं. नवीन सिमला आधार घेऊन जा. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिमं चालतात, आपल्या नावावर किती आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं, आईच्या नावावरची जुनी सिमं मला तिथेच सापडली.

सिम हातात आलं की लगेच लांबलचक गप्पा मारू नका. आधी आयएसडी चालू आहे का ते अॅपमध्ये बघा, नसेल तर चालू करून घ्या. मग एक छोटा कॉल, मिनिटाच्या आतला. कॉल संपल्यावर स्क्रीनवर किती कापले आणि किती उरले ते येतं, लोक ते न वाचताच ओके दाबतात. ते वाचा आणि यादीतल्या दराशी ताडून बघा. जास्त कापले असतील तर १९८ ला तक्रार करा आणि तक्रार नंबर लिहून घ्या. प्रीपेडवाल्यांनाही मागच्या ६ महिन्यांतलं कॉलनिहाय बिल मागता येतं, त्याला ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. फोनमध्ये दोन सिम असतील तर "दरवेळी विचारा" असं सेटिंग ठेवा, नाहीतर पॅक एका सिमवर आणि कॉल दुसऱ्यावरून, आणि मग आईचा फोन मला.

+१ बद्दल सावध राहा. +१ दिसलं की आपण अमेरिका समजतो, पण जमैका, ग्रेनाडा असे कॅरिबियन देशही +१ वरच आहेत, पुढचे तीन आकडे वेगळे असतात, ८७६ जमैका, ४७३ ग्रेनाडा. अमेरिकेच्या पॅकमध्ये ते बसत नाहीत. अनोळखी परदेशी नंबरवरून एक रिंग येऊन बंद झाली तर उलट फोन करू नका, ती युक्तीच आहे, आपण लावला की महागड्या दराने बॅलन्स साफ.

आणि एक जुनी पण अजून चालणारी गोष्ट. बाहेरून भारतात आलेल्या कॉलसाठी इथली कंपनी जे पैसे घेते ते मे २०२० पासून मिनिटाला ३५ ते ६५ पैसे एवढेच आहेत, म्हणून अमेरिका-इंग्लंडकडून इकडे फोन करणं बऱ्याचदा आपल्याला तिकडे करण्यापेक्षा स्वस्त पडतं. मावशीच्या मुलाने तिच्या लँडलाइनवर भारताचा प्लॅन घालून दिलाय. आता आई दोन रिंग देऊन ठेवून देते, उचलला नाही तर पैसे कापत नाहीत, आणि मावशी उलट फोन करते. ताईसाठी आईच्या जुन्याच सिमवर टॉपअप मारतो, आणि ज्या आठवड्यात ताईच्या मुलांच्या परीक्षा, वाढदिवस किंवा कोणाचं तरी आजारपण असेल तेव्हा पॅक. परवा आईने स्वतःहून विचारलं, "या आठवड्यात कुठला मारायचा गं, भाचीचं ठरतंय." मी म्हटलं पॅक, आणि दोन मार.