विद्राव्यतेचा अंदाज कसा बांधावा?

एखादा पदार्थ एखाद्या द्रावकात विरघळेल की नाही, हे ठरवायला ‘समान समानात विरघळते’ एवढे सूत्र पाठ करून भागत नाही. आधी तीन आकर्षणे वेगवेगळी मांडावीत: द्राव्याच्या कणांमधले, द्रावकाच्या रेणूंमधले आणि द्राव्य व द्रावक यांच्यामधले. पहिली दोन सैल करायला ऊर्जा लागते, तर तिसरे जुळताना ऊर्जा बाहेर पडते. हा हिशेब थोडा तोट्यात गेला, तरी मिसळण्याने वाढणारी एन्ट्रॉपी (कणांच्या मांडणीतली अव्यवस्था) बहुधा ती तूट भरून काढते. म्हणूनच सोडियम क्लोराइडचा 1 मोल पाण्यात विरघळताना सुमारे 4 किलोज्यूल उष्णता शोषली जात असूनही 25 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात त्याचे सुमारे 36 ग्रॅम विरघळतात. सिल्व्हर क्लोराइडही आयनिकच, पण त्याच्या स्फटिकातले आकर्षण पाण्याला पुरेसे भरून काढता येत नाही आणि ते जवळजवळ अविद्राव्य राहते.

यानंतर रेणूची रचना काढून बलांचे प्रकार ओळखावेत. पाण्याशी आयनांचे (विद्युतभारित कणांचे) आयन-द्विध्रुव आकर्षण, म्हणजे पाण्याच्या रेणूच्या अंशतः धन-ऋण टोकांशी होणारे आकर्षण असते, ‘ओएच’ (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटाचा हायड्रोजन बंध होतो आणि लंडन बल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक असमान वाटणीतून येणारे आकर्षण, सगळ्याच रेणूंमध्ये असते. मात्र ‘ओएच’ दिसला की ‘विरघळतो’ असे लिहून मोकळे होऊ नये. विद्यार्थी हमखास इथेच चुकतात. एथेनॉल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, 1-ब्युटेनॉल 100 ग्रॅम पाण्यात जेमतेम 7 ग्रॅम विरघळते आणि 1-हेक्झेनॉल तर 1 ग्रॅमही विरघळत नाही. गट तोच आहे, पण लांबत जाणाऱ्या कार्बन साखळीला जागा देताना पाण्याच्या हायड्रोजन बंधांच्या जाळ्याला जी फेरजुळणी करावी लागते, तिची भरपाई साखळीच्या दुबळ्या आकर्षणातून होत नाही.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर प्रयोगशाळेत, ज्योतीपासून दूर आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली, परीक्षानळीतल्या पाण्यात आयोडीनचा बारीक कण टाकून हलवावे. पाण्याला फिकट पिवळसर छटा येते. त्यावर हेक्झेन (फक्त कार्बन व हायड्रोजन असलेला द्रव) ओतून, बूच लावून पुन्हा हलवावे आणि नळी स्थिर ठेवावी. वरचा थर जांभळा होतो आणि खालचे पाणी फिके पडते. पाणी आयोडीनला ढकलून देते, असा याचा अर्थ काढू नये, कारण त्यांच्यातही आकर्षण असतेच. फरक एवढाच, की 106 इलेक्ट्रॉनांच्या आयोडीन रेणूचे हेक्झेनशी प्रबळ लंडन बल जुळते आणि त्याला जागा करून देताना हेक्झेनला एकही हायड्रोजन बंध गमवावा लागत नाही.