बजावा: फ्लोरेसच्या डोंगरातल्या जिल्ह्याच्या गावी कसं जावं, काय उरकावं

बजावाला बहुतेक प्रवासी संध्याकाळी उशिरा पोचतात, मिळेल त्या खोलीत रात्र काढतात आणि सकाळी बेना ही जुनी वस्ती पाहून पुढची बस धरतात. मग दोन दिवसांनी रिउंगच्या किनाऱ्यावर होडीवाल्याला द्यायला रोख पैसे नसतात, फोनला रेंज नसते आणि कुणीतरी तापाने फणफणलेलं असतं. ही तिन्ही कामं बजावात सकाळच्या दोन तासांत झाली असती. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावरच्या न्गाडा जिल्ह्याचं हे मुख्य ठिकाण. पूर्व नुसा तेंगारा प्रांत १९५८ मध्ये झाला, तेव्हापासून जिल्ह्याची कचेरी इथेच आहे. गाव देखणं नाही. पत्र्याची छपरं, उताराचे रस्ते, एक मोठं चर्च, एक बाजार. देखणं ते सगळं गावाबाहेर, आणि तिथे बँक नाही, दवाखाना नाही. म्हणून आधी गाव वापरा, मग डोंगराकडे वळा.

उंची सुमारे ११०० मीटर, म्हणजे पाचगणीहून थोडं खाली. जून ते ऑगस्टच्या रात्री स्वेटरशिवाय झोप लागत नाही आणि स्वस्त खोलीत आंघोळीला हौदातलं थंड पाणीच असतं. खोली ठरवण्याआधी ‘आइर पानास?’ म्हणजे गरम पाणी आहे का, असं विचारून नळ सोडून बघा. पाऊस साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत. मे ते सप्टेंबर हा काळ चांगला, पण १७ ऑगस्टच्या आसपास स्वातंत्र्यदिनाच्या कवायतींसाठी जिल्हाभरातून लोक येतात आणि खोल्या भरतात.

पोचणं

भारतीय पासपोर्टवर आल्यावर मिळणारा व्हिसा ५,००,००० रुपियांचा आणि ३० दिवसांचा असतो. तो एकदाच वाढवता येतो. ऑनलाइन आधी काढला तर विमानतळावरची एक रांग वाचते. वाढवायचा असेल तर बजावात इमिग्रेशनची कचेरी नाही. याच बेटावरचं लाबुआन बाजो किंवा माउमेरे गाठावं लागतं, त्यामुळे तारखा आधीच मोजून ठेवा.

बालीहून विमानाने लाबुआन बाजो, आणि तिथून रस्त्याने रुतेंगमार्गे बजावा, ही नेहमीची वाट. लाबुआन बाजो ते रुतेंग चार तास, रुतेंग ते बजावा आणखी चार-पाच तास. नकाशातल्या किलोमीटरवर जाऊ नका. या घाटात ताशी तीस किलोमीटर पडले तरी पुष्कळ. एका दिवसात सगळं रेटण्यापेक्षा रुतेंगला मुक्काम करा. दुसरा टप्पा आइमेरे या बंदरापर्यंत समुद्रसपाटीला उतरतो आणि तिथून चाळीसेक किलोमीटरमध्ये पुन्हा हजार मीटर चढतो. पोट नाजूक असेल त्याने पुढची खिडकी मागावी आणि आइमेरेत जड जेवू नये. आइमेरेच्या रस्त्याकडेला ताडाच्या रसाची दारू गाळणाऱ्या भट्ट्या दिसतात. बघायला थांबा, पण मोटारसायकलवर असाल तर चाखू नका.

वाहनं तीन प्रकारची. मोठी बस स्वस्त, पण निघण्याआधी प्रवासी गोळा करत गावभर फिरते आणि सातची बस साडेआठला गाव सोडते. ‘ट्रॅव्हल’ म्हणजे जागेप्रमाणे भाडं घेणारी सहा-सात आसनी गाडी. ती राहत्या जागेवरून उचलते, म्हणून थोडे जास्त पैसे देऊन हीच घ्यावी. तिसरी लाकडी बाकांची ट्रक, जिला इथे ‘ओतो कोल’ म्हणतात. ती खेड्यांसाठी. दुपारनंतर लांबचं वाहन मिळेल या भरवशावर राहू नका. सगळं सकाळीच सुटतं.

बजावा हमरस्त्यावर नाही, आणि पहिल्यांदा येणारा इथेच फसतो. लांबच्या बस वातुजाजी स्थानकावर थांबतात. तिथून गाव तीनेक किलोमीटर आहे. बस गावात जाणार का हे चढतानाच विचारा, नाहीतर ‘ओजेक’ म्हणजे मोटारसायकलवाला करावा लागतो. भाडं बसण्याआधी ठरवा. ‘बेमो’ म्हणजे छोट्या प्रवासी गाडीतून उतरायचं असेल तेव्हा मोठ्याने ‘किरी!’ म्हणा, गाडी डावीकडे थांबते. हाक मारताना वयस्कर पुरुषाला ‘बापाक’ किंवा ‘ओम’, बाईला ‘इबू’ किंवा ‘मामा’, आपल्याच वयाच्याला ‘काका’. इथे काका म्हणजे थोरला भाऊ किंवा ताई, त्यामुळे दुकानातल्या मुलीला काका म्हटलं तर कुणी हसत नाही.

पहिल्या सकाळची कामं

सोमवार ते शुक्रवार यांतली एक सकाळ मोकळी ठेवा. शनिवारी कचेऱ्या बंद असतात. रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असतं आणि दुकानं अर्धवट उघडी. न्गाडातले बहुतेक लोक कॅथलिक आहेत, त्यामुळे ईस्टर आणि नाताळच्या आठवड्यात काहीच होत नाही असं धरून चाला.

आधी पैसे. एक लाख रुपिया म्हणजे आपले पाचशे ते साडेपाचशे रुपये. भारतीय नोटा इथे कुणी बदलून देत नाही, डॉलरसुद्धा अवघडच. एटीएम बीआरआय आणि बीएनआय या बँकांचं बघा. ५०,००० च्या नोटांच्या यंत्रातून एका वेळी कमी रक्कम निघते, १,००,००० वाल्यातून जास्त. कोणत्या नोटा आहेत ते यंत्रावरच चिकटवलेलं असतं. प्रत्येक वेळी आपली बँक शुल्क कापते, म्हणून मोठ्या नोटांचं यंत्र शोधणं फायद्याचं. कार्डावर परदेशी व्यवहार घरूनच चालू करून घ्या. काही यंत्रं आधी पैसे देतात आणि कार्ड नंतर, त्यामुळे नोटा मोजत निघून जाऊ नका. मग दुकानात काहीतरी घेऊन दोन-तीन मोठ्या नोटा मोडा. बेनाच्या वेशीवर किंवा ओजेकवाल्याकडे लाखाचे सुटे नसतात.

फोनसाठी टेल्कोमसेलच घ्या. फ्लोरेसच्या डोंगरात बाकीच्या कंपन्या नावालाच आहेत. पासपोर्ट दाखवून पर्यटकाचं सिमकार्ड नोंदवून घेतलं की परदेशी फोन ९० दिवस चालतो.

संशोधन किंवा चित्रीकरण करायचं असेल तर पर्यटक व्हिसावर येऊच नका. परदेशी संशोधकाला बीआरआयएन या राष्ट्रीय संशोधन संस्थेची परवानगी देशात येण्याआधी लागते. ती हातात असली की वरून खाली उतरायचं: जिल्ह्याची ‘केसबांगपोल’ म्हणजे राष्ट्रीय ऐक्य आणि राजकीय बाबींची कचेरी, मग तालुक्याचा प्रमुख ‘चामात’, मग गावचा प्रमुख ‘केपाला देसा’. प्रत्येक ठिकाणी पत्राची प्रत ठेवली जाते, म्हणून दहा प्रती काढून न्या. अंगठ्याची चप्पल आणि बिनबाह्यांचा सदरा घालून गेलात तर दारातूनच परतावं लागेल. सकाळी आठ ते दुपारी बारा हीच खात्रीची वेळ. जेवणाच्या सुटीनंतर सही करणारा माणूस जागेवर सापडेलच असं नाही. आणखी एक. जुन्या नकाशांत म्बाय आणि बोआवाए न्गाडात दिसतात. २००७ मध्ये नागेकेओ हा वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे तिथल्या कामाचं पत्र बजावाच्या शिक्क्यावर चालत नाही.

औषधांसाठी ‘आपोतेक’, साध्या तपासणीसाठी ‘पुस्केस्मास’, आणि गंभीर असेल तर जिल्हा रुग्णालय, म्हणजे ‘आरएसयूडी’. किनाऱ्यावर मलेरिया असतो. रिउंगला जाणार असाल तर डासांचं मलम इथूनच घ्या.

कुत्र्यांबद्दल मात्र गांभीर्याने सांगायला हवं. रेबीज १९९७ मध्ये फ्लोरेसवर आला तो गेलेला नाही, आणि प्रत्येक अंगणात मोकळा कुत्रा आहे. चावला किंवा नुसतं खरचटलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, हळद किंवा तेल लावू नका, पट्टी बांधू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून ‘वाकसिन आन्ती राबिएस’ मागा. साठा कधीकधी संपलेला असतो. अशा वेळी थांबून राहू नका, जिल्हा रुग्णालयात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात जा. पायी खेडी फिरायचा बेत असेल तर घरून निघण्याआधीच प्रतिबंधक लस घेणं शहाणपणाचं. आधी घेतलेली असली तरी चावल्यावरचे डोस चुकत नाहीत, फक्त कमी लागतात.

जेवण

शाकाहाऱ्याची गैरसोय होते, उपासमार होत नाही. ‘तिदाक माकान दागिंग, इकान, तेलुर’ म्हणजे मांस, मासे, अंडी खात नाही. एवढं सांगूनही सांबाल या मिरचीच्या चटणीत ‘तेरासी’ म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट येतेच, ती वेगळी नाकारावी लागते. जावानी आणि पादांगी खाणावळींत टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, पालेभाजी आणि भात हमखास मिळतो. बोबोउच्या बाजारात सकाळी सातच्या आत गेलात तर डोंगरातली भाजी, ॲव्होकॅडो आणि केळी ताजी मिळतात. दिवसभराच्या फिरतीसाठी केळी आणि उकडलेलं रताळं बरोबर घ्या, कारण खेड्यांत खाणावळ नाही.

बेना आणि इनेरिए

बेना सोळा-सतरा किलोमीटरवर आहे, इनेरिए या २२४५ मीटर उंच ज्वालामुखीच्या पायथ्याशी. सकाळी आठच्या आधी पोचा. नंतर ढग चढतात आणि डोंगर दिसत नाही. वेशीवर नोंद करून पैसे द्यायचे. मधल्या चौकात गवती छत्रीसारखे खांब दिसतात, ते ‘न्गाधू’, कुळाच्या पुरुष पूर्वजाचे. शेजारची छोटी घरं म्हणजे ‘भागा’, स्त्री पूर्वजाची. इथे कूळ आईकडून चालतं आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. घरांची छपरं नीट बघा. ज्या छपरावर छोटं घर बसवलेलं आहे ते कुळाच्या आद्य स्त्रीशी जोडलेलं, ज्यावर भालाधारी माणूस ते पुरुषाशी. चौकातल्या उभ्या-आडव्या दगडांवर बसू नका आणि पाय ठेवू नका, तिथे बळी दिले जातात. ओसरीवर विणत बसलेल्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. कापड घ्यायचं असेल तर धागा कारखान्याचा की हातचा, रंग वनस्पतीचा की पुडीचा, हे विचारा. किंमत त्यावरच ठरते.

बेनातून उताराच्या पायवाटेने तोलोलेला आणि गुरुसिना या वस्त्यांपर्यंत चालत जाता येतं. गुरुसिनाची बहुतेक घरं ऑगस्ट २०१८ च्या आगीत जळाली होती, ती पुन्हा जुन्याच पद्धतीने उभी केली आहेत. शेवटी मालानागेला गरम आणि थंड ओढे मिळतात तिथे पाय शेकता येतात. परतीचं वाहन आधीच सांगून ठेवा, खालून वर यायला दुपारी काही मिळत नाही.

इनेरिए चढायचा असेल तर वातुमेझे वस्तीतून पहाटे तीन-चारला निघावं. चढायला तीन-चार तास. वरचा भाग सैल खडीचा आहे, दोन पावलं चढलं की एक घसरतं. बिनवाटाड्याचे लोक चुकतात ते चढताना नव्हे, उतरताना: धुक्यात खडीची दुसरीच सोंड धरतात. माणशी तीन लिटर पाणी, पकड असलेले बूट आणि हातमोजे घ्या. वाटेत पाणी नाही. पावसाळ्यात हा डोंगर सोडून द्या.

वावो मुदा या ज्वालामुखीचं विवर २००१ च्या उद्रेकात झालं. त्यातली तांबूस डबकी पावसानंतर दिसतात, कोरड्या महिन्यांच्या शेवटी आटतात. सप्टेंबरात तळी बघायला जाऊन कोरडा खड्डा बघून परतणारे पुष्कळ.

‘रेबा’ हा कोनफळाच्या जातीच्या कंदाचा, ‘उवी’चा, नववर्षाचा सण डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत गावोगावी वेगवेगळ्या तारखांना होतो. तारीख जिल्ह्याच्या पर्यटन कचेरीत विचारा. डुकरं उघड्यावर कापली जातात, हे माहीत असूनच जा.

कॉफी

न्गाडाच्या उतारांवरची अरेबिका ‘फ्लोरेस बजावा’ या नावाने २०१२ पासून भौगोलिक मानांकनाखाली आहे. तोड साधारण मे-जून ते सप्टेंबर. बाजारातली स्वस्त पूड घेताना ‘मुर्नी?’ म्हणजे शुद्ध का, हे विचारा, कारण मका मिसळून भाजण्याची पद्धत घरोघरी आहे. पुडीऐवजी अख्खे दाणे घ्या, भाजल्याची तारीख बघा, आणि दाण्यांवर तेल चकाकत असेल तर भाजणी फार गडद झाली आहे असं समजा. इथली ‘तुब्रुक’ पद्धत सोपी: १० ग्रॅम बारीक पूड, वर १६० मिलिलिटर उकळतं पाणी, एकदा ढवळून चार मिनिटं ठेवायचं, गाळ बसला की वरवरची प्यायची. या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उकळी आल्याआल्या ओता, निवू देऊ नका. ‘तान्पा गुला’ म्हटलं नाही तर दोन चमचे साखर येते. घरी नेण्यासाठी भाजलेली कॉफीच घ्या. कच्च्या दाण्यांना भारतात वनस्पती संगरोधाचे नियम लागतात आणि ते विमानतळावर अडवले जाऊ शकतात.

निघताना

सोआचा तुरेलेलो विमानतळ गावापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. मेंगेरुदाचे गरम झरे त्याच बाजूला असल्याने विमान दुपारचं असेल तर सकाळी तिथे आंघोळ करून थेट विमानतळावर जाता येतं. पंख्याची छोटी विमानं, वेळापत्रक वारंवार बदलतं, ढगामुळे उड्डाणं रद्द होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्व फ्लोरेसच्या लेवोतोबी ज्वालामुखीच्या राखेने बालीपर्यंतची विमानं अडवली होती. रस्त्याने लाबुआन बाजो नऊ-दहा तास आहे. म्हणून बजावाचं विमान आणि भारताचं विमान यांच्यात निदान दोन मोकळे दिवस ठेवा, आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर तीन.