गुडघ्याच्या कूर्चेचा एमआरआय: केव्हा काढावा, कसा काढावा आणि अहवालात काय पाहावे

कापसाच्या वेचणीत वाकून आणि निंदणाच्या दिवसांत उकिडवे बसून ज्यांची वर्षे गेली, त्या यवतमाळ-वाशीमकडील स्त्री-पुरुषांचे गुडघे दुखू लागले की प्रथम एक्स-रे काढला जातो, तो नॉर्मल येतो आणि पुष्कळदा तपास तेथेच थांबतो. मात्र एक्स-रेमध्ये कूर्चा, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर, दिसतच नाही. दोन हाडांमधील अंतरावरून तिच्या झिजेचा केवळ अंदाज बांधला जातो. शिवाय कूर्चेला स्वतःच्या नसा आणि रक्तवाहिन्या नसल्यामुळे सुरुवातीची झीज न दुखताच होत राहते. एमआरआय शरीरातील पाणी व चरबीतल्या हायड्रोजनचा संकेत टिपतो, त्यामुळे कूर्चेची जाडी, पृष्ठभागावरील भेगा आणि खालच्या हाडाच्या मगजातील सूज थेट पाहता येते.

तरीही एक्स-रे वगळू नये. तो उभे राहून, दोन्ही गुडघ्यांवर भार देऊन काढावा. त्यात हाडावर हाड टेकलेले दिसत असेल, तर एमआरआयने उपचारांत सहसा फरक पडत नाही आणि सोयाबीनच्या पैशातून तो खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक्स-रे जवळपास चांगला असूनही दुखणे व सूज हटत नसेल, गुडघा अडकत असेल किंवा मार लागलेला असेल, तर एमआरआय उपयोगी पडतो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर केवळ ‘गुडघ्याचा एमआरआय’ असे न लिहिता कूर्चेची पाहणी हवी आहे, दुखणे कोणत्या बाजूला आहे आणि पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे, हे लिहून घ्यावे. नागपूर, सेवाग्राम, सावंगी, अकोला किंवा यवतमाळ येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आधी चौकशी करून मग निघावे. यंत्र 3 टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाची शक्ती मोजण्याचे एकक) असल्यास उत्तम, परंतु 1.5 टेस्लाच्या यंत्रावर गुडघ्याची स्वतंत्र कॉइल (गुडघ्याभोवती बसवायचा संकेत टिपणारा भाग) लावून, चरबीचा संकेत दाबणारी प्रोटॉन डेन्सिटी या प्रकारची चित्रे घेतली तरी नेहमीच्या निदानाला ती पुरतात. कमी शक्तीच्या यंत्रावर बारीक भेगा सुटू शकतात.

काही मोठ्या केंद्रांवर टी-2 मॅपिंग, म्हणजे कूर्चेच्या अंतर्रचनेतील बदल आकड्यांत मोजणारी एमआरआयची पद्धत, वापरली जाते. कूर्चेची जाडी कमी होण्यापूर्वीच तिच्यातील कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची वीण सैल होते, पाणी वाढते आणि टी-2 चे मूल्य चढते. टी-1 रो ही अशीच दुसरी पद्धत प्रोटिओग्लायकन (कूर्चेत पाणी धरून ठेवणारा घटक) घटल्याचे अधिक चांगले दाखवते. चालण्याने कूर्चेतील पाणी दाबले जात असल्यामुळे, एसटीतून उतरून पायी आलेल्या रुग्णाने या चाचणीपूर्वी अर्धा तास तरी बसून राहावे. कोलॅजनचे तंतू चुंबकीय क्षेत्राशी सुमारे 55 अंशांचा कोन करतात, तेथे निरोगी कूर्चाही बिघडल्यासारखी भासते, म्हणून एकाच ठिपक्यावरून निष्कर्ष काढू नये. उपचार ठरवण्यासाठी ही चाचणी बहुतेकांना लागत नाही.

पेसमेकर, कानातील कॉक्लिअर यंत्र, मेंदूतील क्लिप किंवा जुन्या शस्त्रक्रियेतील धातू असल्यास आधीच सांगावे. वेल्डिंग वा ग्राइंडिंगचे काम केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे न विसरता सांगावे, कारण यंत्राच्या चुंबकाने तो कण सरकून डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. मंगळसूत्र, जोडवी, लोखंडी कडे काढून ठेवावे आणि अंगावर गोंदण असल्यास तेही दाखवावे. सुमारे अर्धा तास निश्चल पडून राहावे लागते. यंत्राचा आवाज मोठा असतो, त्यासाठी कानात बोळे मागून घ्यावेत.

अहवालात कूर्चेची श्रेणी पाहावी: 1 म्हणजे जाडी शाबूत असून संकेतात बदल, 2 म्हणजे निम्म्यापेक्षा कमी खोलीची झीज, 3 म्हणजे निम्म्याहून अधिक आणि 4 म्हणजे हाड उघडे पडलेले. त्यासोबत मेनिस्कस (गुडघ्यातील दोन हाडांमधली गादी) बाहेर सरकला आहे का आणि हाडाच्या मगजात सूज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. दुखण्याशी या सुजेचा संबंध अधिक असतो. मात्र अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे एक्स-रे निर्दोष असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या 710 जणांचे एमआरआय काढले, तेव्हा 89 टक्क्यांमध्ये काही ना काही दोष आढळला होता आणि त्यांतील अनेकांचे गुडघे दुखतही नव्हते. म्हणून केवळ अहवालातील शब्द वाचून शस्त्रक्रियेला होकार देऊ नये. तपासणाऱ्या डॉक्टरांनी बोट ठेवलेली जागा आणि चित्रातील जागा जुळते का, हे आधी पाहून घ्यावे.

फिल्मसोबत सीडी अवश्य मागून जपून ठेवावी. पुढे पुन्हा एमआरआय काढण्याची वेळ आली, तर शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर काढावा, कारण यंत्र बदलले की टी-2 च्या आकड्यांची तुलना विश्वासार्ह राहत नाही.